अक्कांच्या हजेरीपटातला ‘झो’

“उद्याचा वर्ग होणार नाही.” गुरुवारी संध्याकाळी आमच्या योगवर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर एवढाच निरोप आला. पाठवणारी मनीषा; गट तीच सांभाळते. कारण नाही, पुढचा वर्ग कधी तेही नाही. मी आयुष्यभर परीक्षा विभागात काढलेला माणूस. असला अर्धवट निरोप पाहिला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. मी ताबडतोब लिहिलं, “ऐनवेळी अशी सूचना देणे योग्य नाही. किमान एक दिवस आधी कळवावे व कारण नमूद करावे.” पाच मिनिटांत कारण नमूद झालं. “अक्का गेल्या. आज दुपारी. घरीच.” मग त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली, आणि त्या रांगेच्या डोक्यावर माझं वाक्य तसंच उभं. पाठवलेलं पुसता येतं हे मला ठाऊक होतं, कसं पुसायचं ते ठाऊक नव्हतं. सून बाजारातून परत येईपर्यंत सगळ्यांचं वाचून झालं होतं. आजही ते तिथेच आहे.

याला आता पाच आठवडे होतील. या काळात अक्कांवर बरंच छापून आलं. कुणी त्यांना शांततेची मूर्ती म्हटलं, कुणी म्हटलं त्यांच्या सहवासात मन आपोआप निवायचं. मला ते वाचून हसू येईना आणि राग आवरेना. शांततेची मूर्ती? ही बाई शिंदखेड्याच्या शाळेत तीस वर्षं खेळाची शिक्षिका होती. गळ्यात शिट्टी. ती त्यांनी योगाच्या वर्गातही कधी काढली नाही. धुळ्याला देवपुरातल्या हॉलमध्ये त्या “पाय वर!” म्हणून ओरडल्या की बाहेर रिक्षात बसलेला माणूस पाय वर घ्यायचा. सहवासात माझं मन निवलं नाही, उलट रक्तदाब वाढला. तेव्हा आधीच सांगतो, मी त्यांचा स्नेही नव्हतो. आमचं भांडण होतं, ते मिटलेलं नाही, आणि ते मिटायच्या आत त्या निघून गेल्या याचाही मला रागच आहे.

शेवटची भेट त्याच्या आदल्या दिवशीची, बुधवारची. सकाळचा साडेसहाचा वर्ग. शेवटची वीस मिनिटं शवासन असतं. मी नेहमीसारखा डोळे मिटून पडलो होतो. डोळे उघडले तर हॉल रिकामा, सगळ्यांच्या चटया गुंडाळून कोपऱ्यात रचलेल्या, आणि दारापाशी प्लास्टिकच्या खुर्चीत अक्का मांडीवर ताट घेऊन भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेल्या. घड्याळात साडेआठ.

“उठनात का नाना?” त्यांनी अहिराणीत विचारलं.

“मी झोपलो नव्हतो,” मी म्हणालो.

“बरं,” त्या म्हणाल्या. शेंगा फोडणं चालूच. मी चपला घालायला वाकलो तेव्हा म्हणाल्या, “नाना, एक काम व्हतं तुमनाकडे.” मी चिडलेलोच होतो. सगळ्यांच्या देखत मला असं पडू दिलं, उठवलं नाही… “शुक्रवारी बोलू,” असं म्हणून मी निघून आलो. शुक्रवार आला नाही. काम काय होतं ते मला नंतर कळलं, आणि ते ज्या तऱ्हेने कळलं त्यासाठीच हा लेख.

आता मागे जायला हवं. जळगावच्या बाहेर एक खासगी विद्यापीठ होतं. नाव लिहीत नाही. लिहून उपयोगही नाही, मालक बदलले आणि त्यांच्याबरोबर नावही बदललं. मी तिथे परीक्षा विभागाचा अधीक्षक होतो. एका वर्षी दोन मुलांनी परीक्षेच्या हॉलमध्येच चक्कर येऊन अंग टाकलं, एक मुलगी पेपर अर्धा सोडून रडत बाहेर गेली, आणि वरच्या मंडळींना एकदम कळलं की विद्यार्थ्यांना ताण असतो. ताण का असतो हे कुणी विचारलं नाही. ‘ताणमुक्ती व सजगता’ नावाचा विषय मात्र लगेच सुरू झाला. सगळ्यांना सक्तीचा, एका श्रेयांकाचा, परीक्षा नाही. पंच्याहत्तर टक्के हजेरी भरली की उत्तीर्ण. नाही भरली तर पदवी अडकली. ताण घालवायला आणखी एक सक्ती आणली याचं कुणालाच काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. नियम स्पष्ट होता, मला स्पष्ट नियम आवडतात.

शिकवायला तासिका तत्त्वावर अक्का आल्या. शाळेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या, योगशिक्षिकेचं प्रमाणपत्र होतं, आणि मुख्य म्हणजे दुसरं कुणी अर्ज केला नव्हता. नाव सुलोचना, पण पहिल्या दिवशीच शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे अक्का म्हणायला लागले. दुपारी दोनचा तास, पहिल्या मजल्यावरचा लांबट हॉल, तीन पंख्यांपैकी एक चालू. अभ्यासक्रम कुठूनतरी उचललेला होता. त्यात एक पाठ असा की विद्यार्थ्याने एक मनुका घ्यावी आणि ती दहा मिनिटं लक्षपूर्वक खावी. अक्कांनी तो पाठ घेतला नाही. घरून पिशवीभर भाजलेल्या शेंगा आणल्या आणि म्हणाल्या, दुपारी दोनला भुकेल्या पोराला एक मनुका देऊन वर लक्ष दे म्हणणारा माणूस मला भेटला पाहिजे. त्याबद्दल माझ्याकडे लेखी तक्रार आली होती. टरफलांची. मी ती फाइलला लावली.

मी एकदा दारातून त्यांचा वर्ग पाहिला. विद्यापीठाने बासरी आणि गोड आवाजातल्या सूचनांची एक ध्वनिफीत विकत घेतली होती, ती त्यांनी लावलीच नव्हती. सत्तर-ऐंशी पोरं-पोरी सतरंज्यांवर आडवी, आणि मधून ही बाई शाळेच्या मैदानावर फिरावं तशी फिरतेय. “हातपाय ढिला सोडा. डोया मिचा. आते एक तास तुमनाकडथून कोन्ही काही मांगनार नही.” आधी मुलं खिदळली. शहरातली मुलं तर तोंडं दाबून हसत होती. मग हळूहळू हसणं थांबलं. त्यातली बरीच मुलं कुठून कुठून आलेली. सावद्याकडची पोरं रात्रपाळीला केळीचे घड ट्रकमध्ये चढवून सकाळी वर्गात बसायची. शिंदखेड्याकडच्या मुली पहाटेची गाडी धरून अमळनेरवरून यायच्या, संध्याकाळी त्याच वाटेने परत. दहा मिनिटांत अर्धा हॉल झोपला. मी बघत होतो. तास संपत आला तशा अक्का एका खांबाला टेकून हजेरीपट भरू लागल्या, हजेरी त्या नेहमी तासाच्या शेवटी घ्यायच्या. नावं न पुकारता. मुलांच्या हातांकडे बघत.

सत्र संपलं आणि तो हजेरीपट माझ्या टेबलावर आला. माझा कनिष्ठ लिपिक चौधरी तो घेऊन उभा. “साहेब, हे काय आहे?” हजेरीपटात दोन शेरे असतात, हजर असेल तर ‘ह’, गैरहजर असेल तर ‘ग’. तिसरा शेरा मी माझ्या नोकरीत पाहिला नव्हता. इथे पानोपानी लाल शाईत ‘झो’. मी अक्कांना बोलावलं.

“हे काय आहे?”

“झोपला,” त्या म्हणाल्या. “किंवा झोपली.”

“म्हणजे हजर की गैरहजर?”

“झोपेल पोर हजरच ऱ्हास साहेब. ते काय उठीसन पयी जास का?”

झोपलेलं पोर उठून पळून जात नाही, हे मलाही मान्य होतं. मी त्यांना शांतपणे सांगितलं, हजर असेल तर तसं लिहा. झोचे ह करा, बाजूला सही करा, विषय संपला. कुणालाही वाटावं की मी त्यांना सोपी वाट दाखवत होतो, आणि दाखवतच होतो. त्यांनी मान हलवली. नाही. मग त्यांनी पिशवीतून एक अर्ज काढला. तो मी आधी पाहिलेला होता. त्यांनी वर दिला होता, वरून तो नामंजूर होऊन परत आला होता. लांबून येणाऱ्या मुलामुलींना दुपारी तासभर आडवं व्हायला एक खोली द्या, आणि सकाळचं पहिलं प्रात्यक्षिक गाडीच्या वेळेनंतर ठेवा, अशी मागणी. सोबत पुरावा म्हणून हा हजेरीपट. कोण किती वेळा झोपलं, कोणत्या वारी झोपलं, सगळं त्यात होतं. “झोचा ह केला तर ही पोरं ताजीतवानी येऊन बसत होती असं होईल,” अक्का म्हणाल्या. “मग खोली कशाला मागू?”

तो युक्तिवाद चुकीचा नव्हता. मला तेव्हाही कळला होता. पण माझ्या समोर खोली नव्हती, रकाना होता. मी विचारलं, ते खरंच झोपले होते याला आधार काय? नुसते डोळे मिटून पडले असतील. त्या म्हणाल्या, अंगठा बघायचा. जागा माणूस कितीही सोंग करो, त्याचा अंगठा आत वळलेला असतो, मूठ कुठेतरी धरलेली असते. झोपेत हात आपोआप उघडतो. तीस वर्षं पोरं बघितलीत, सोंग करणारं पोर मला लांबूनही कळतं. मी टिपणीत लिहिलं : ‘अंगठ्याच्या स्थितीवरून काढलेला निष्कर्ष ग्राह्य धरता येत नाही. सदर शेरा नियमात नसल्याने तो हजेरी म्हणून मोजण्यात येऊ नये.’ माझं अक्षर चांगलं आहे. त्या टिपणीतलं तर फारच चांगलं आलं होतं.

अकरा मुलं अडकली. वरिष्ठांनी तोडगा काढला. मुलांनी एका छापील फॉर्मवर सही करायची, ‘मी हलगर्जीपणामुळे वर्गात झोपलो/झोपले’, आणि दोन दिवस सकाळी आठ ते संध्याकाळी पाच ताणमुक्तीचे जादा तास भरायचे. जूनचा महिना. ध्वनिफितीवर बासरी. दारात एक शिपाई, कुणी झोपलं तर उठवायला. दहा जणांनी सही केली, दोन दिवस डोळे ताणून ताणमुक्ती केली आणि सुटले. या वाक्यावर आता कुणी हसलं तर मी रागावणार नाही. तेव्हा मात्र त्या उपस्थितीपत्रकावर मीच सही केली होती, आणि त्यात मला गमतीचं काही दिसलं नव्हतं.

अकरावी मनीषा. शिंदखेडा तालुक्यातली, पदार्थविज्ञानात पहिल्या पाचांतली. तिने फॉर्म वाचला आणि परत माझ्या टेबलावर ठेवला. “मी हलगर्जीपणाने झोपले नाही सर. दमून झोपले.” मी म्हणालो, शब्द कोणता का असेना, सही कर आणि मोकळी हो. ती म्हणाली, “हे माझ्या फाइलमध्ये राहणार ना? मग शब्द बरोबर पाहिजे.” मला ती भाषा ओळखीची वाटली. मी अक्कांना निरोप पाठवला, पोरीला समजवा. अक्का आल्या, फॉर्म वाचला, मनीषाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “तुना निर्णय तू कर. मी काही सांगनार नही.” तिने सही केली नाही. बाकी सगळे विषय उत्तीर्ण, आणि पदवी अडकली एका श्रेयांकासाठी; तिला बीएडला प्रवेश मिळाला होता, तो गेला. खोलीचा अर्ज पुन्हा फेटाळला. पुढच्या वर्षी अक्कांची नेमणूक झाली नाही.

इथे मला माझं म्हणणं मांडू द्या, कारण ते कुणीच मांडत नाही. अक्कांनी एक सही केली असती तर अकराच्या अकरा मुलं त्याच दिवशी सुटली असती. मनीषाला “कर गं सही” एवढं म्हणायला त्यांची जीभ झिजली नसती. ज्या खोलीची शक्यता शून्य होती तिच्यासाठी त्यांनी एका मुलीचं वर्ष पणाला लावलं. मी नियमाला चिकटलो, त्या शेऱ्याला चिकटल्या. लोक माझ्या चिकटपणाला खडूसपणा म्हणतात आणि त्यांच्या चिकटपणाला तत्त्व. हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. इतकी वर्षं मी मनातल्या मनात त्यांच्याशी हेच भांडत आलो. उत्तरं मीच द्यायचो, आणि अर्थातच प्रत्येक वेळी जिंकायचो.

निवृत्तीनंतर मी धुळ्याला मुलाकडे राहायला आलो. झोप गेली ती तेव्हा. कशामुळे, ते माहीत नाही. कामच नसलेल्या माणसाला झोप लागायला काय हरकत आहे? पण लागेना. गोळ्या झाल्या, दूध-जायफळ झालं. एके दिवशी सून वैशालीने जाहीर केलं, “बाबा, उद्यापासून तुम्ही योगवर्गाला जाणार आहात. देवपुरात एक बाई घेतात, फार छान शिकवतात म्हणे.” मी गेलो. दारात शिट्टी. शेजारी टेबलावर हजेरीपट घेऊन मनीषा. तिने मला पाहिलं, नाव न विचारता लिहिलं, आणि मान दुसरीकडे वळवली. महिलांचा वर्ग ती घ्यायची हे मला नंतर समजलं. मी परत फिरणार तेवढ्यात अक्का म्हणाल्या, “या नाना. चप्पल तठे काढा.”

विद्यापीठात मी साहेब होतो. या वर्गात एका दिवसात नाना झालो. मी दोनदा सांगून पाहिलं, देसले म्हणा. त्यांनी ऐकलं नाही.

मग मी तिथे सात-आठ महिने का जात राहिलो? लोकांना वाटलं, माझ्यात सुधारणा होतेय. खरं कारण वेगळं आहे. मला वाटत होतं की या बाईला माझ्याकडून काहीतरी हवंय. कबुली हवी असेल, माफी हवी असेल. ती कधी मागते याची मी वाट पाहत होतो, कारण नकार माझ्याकडे तयार होता. सोमवार, बुधवार, शुक्रवार मी जायचो, आसनं अर्धीमुर्धी करायचो, आणि शवासनात झोपेचं सोंग घ्यायचो. एकदा मुद्दाम घोरलोही. म्हटलं बघू, अंगठ्याची परीक्षा करणारी बाई काय लिहिते. हजेरीपट मला कधी दिसला नाही. अक्का माझ्या पायथ्याशी क्षणभर थांबायच्या, पुढे जायच्या. बोलल्या कधीच काही नाहीत. वर्ग संपला की एवढंच विचारायच्या, “झोप लागस का घरी?” मी म्हणायचो, “उत्तम.” त्या म्हणायच्या, “बरं.” आता तुम्हीच सांगा, अशा माणसाशी भांडण मिटणार कसं?

त्या गेल्यावर दोन आठवड्यांनी जळगावला त्या विद्यापीठात, म्हणजे नव्या नावाच्या, शोकसभा झाली. मी मुद्दाम गेलो. व्यासपीठावर फलक, ‘ताणमुक्ती उपक्रमाच्या संस्थापक’, आणि त्यावर अक्कांचा फोटो. फोटो एका जुन्या समूहचित्रातून कापलेला होता. शेजारी मी उभा होतो, माझा अर्धा खांदा त्यात राहून गेला होता. ज्यांनी त्यांची नेमणूक थांबवली त्यांच्यातले दोघे गहिवरून बोलले. मग म्हणाले, अक्कांना आवडायचं तसं आपण पाच मिनिटं डोळे मिटून बसू या, आणि बासरी लावली. तीच बासरी! मी उठून बाहेर आलो. व्हरांड्यात चौधरी भेटला, आता माझ्या जागेवर तोच आहे. त्याने चहा मागवला आणि सहज म्हणाला, “साहेब, अक्का गेल्या महिन्यात येऊन गेल्या होत्या. त्या मनीषाच्या पदवीसाठी. जुना अभ्यासक्रम बंद होतोय, पदवी पुरी करायला हे शेवटचं वर्ष. तेव्हाच्या अधीक्षकांनी लिहून दिलं की तो शेरा हजेरी म्हणून धरायला हवा होता, तर होऊन जाईल. मी म्हटलं, साहेब तर तुमच्याच वर्गाला येतात म्हणे, उद्याच घेऊन या. त्या म्हणाल्या, बघते.”

गेल्या महिन्यात! म्हणजे त्यानंतर मी निदान दहा-बारा वेळा त्यांच्या पुढ्यात आडवा पडलो होतो. आणि त्यांनी मागितलं नव्हतं. परतीच्या एसटीत मी पारोळ्यापर्यंत नुसता धुमसत होतो. ज्या प्रश्नाची मी आठ महिने वाट पाहिली तो प्रश्न त्यांच्याकडे होता, कागद लागत होता, वेळ संपत होती, आणि बाई मला विचारते काय, तर झोप लागते का. पुन्हा तोच ताठा, पुन्हा त्या मुलीचं नुकसान. दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवपुरात गेलो. वर्ग आता मनीषाच घेते. तो संपेपर्यंत बाहेर थांबलो आणि आत जाऊन सरळ विचारलं, “माझ्याकडून पत्र हवं होतं, ते अक्का मला का बोलल्या नाहीत?”

मनीषा चटया रचत होती. ती थांबली नाही. “मीच नको म्हटलं होतं. तुमच्याकडे मागायचं नाही, असं मी त्यांना सांगितलं होतं. पण त्या मागणार होत्या.”

“मग मागितलं का नाही?”

तिने शेवटची चटई ठेवली, टेबलाच्या खणातून हजेरीपट काढला, उघडून माझ्यासमोर धरला. “अक्का म्हने,” ती म्हणाली, आणि हे सांगताना तिची बोली बदलली, “तो मानूस झोपस नही. आठ महिना व्हई गयात, सोंग करस. त्यानी मूठच उघडस नही. एक दाव उघडाले दे, मंग मांगसू.”

माझी मूठ एकदा उघडू दे, मग मागू, असं अक्कांचं म्हणणं. हजेरीपटात माझ्या नावाची ओळ. मी परीक्षा विभागातला माणूस, ओळ कशी वाचायची ते मला कुणी शिकवायला नको. ह, ह, ह. पान उलटलं. ह, ह. ज्या दिवशी मी घोरलो होतो तो दिवस मला आठवत होता. त्या रकान्यातही ह. एकदाही चूक नाही. आठ महिने, आणि शेवटच्या बुधवारी, शेवटच्या रकान्यात, लाल शाईत ‘झो’.

मी त्यांना म्हणालो होतो, मी झोपलो नव्हतो. त्या तासभर शेंगा फोडत बसून होत्या. एक काम होतं म्हणाल्या… आणि मी म्हणालो, शुक्रवारी. मी तसा लिहिणारा नाही. मला लाज वाटली. एवढंच सरळ लिहितो.

पत्र मी तिथेच, मनीषाच्या टेबलावर बसून लिहिलं. ‘सदर हजेरीपटातील झो हा शेरा उपस्थिती दर्शवितो. तो न मोजण्याचा तत्कालीन निर्णय माझा होता व तो चुकीचा होता.’ अक्षर चांगलं आलं नाही. मनीषाने उभ्यानेच वाचलं. मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल. ती म्हणाली, “तारीख राहिली.” मी तारीख घातली. तिने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. आभार मानले नाहीत, आणि मानायचं काही कारणही नव्हतं. अर्ज आता विद्यापीठात पडून आहे. चौधरी म्हणतो, होईल. मी अशा ‘होईल’वर आयुष्य काढलेलं आहे, त्यामुळे हे सगळं इथे छापील स्वरूपातही लिहून ठेवतोय. कुणाला पुरावा लागला तर हे पान चालेल.

अक्कांवरचा माझा राग गेलेला नाही. माझी मूठ उघडायची वाट पाहण्यापेक्षा चौधरीला भेटून आल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी मागायचं होतं, मी नाही म्हटलं असतं, दोन वेळा भांडलो असतो, तिसऱ्या वेळी कदाचित दिलं असतं. नसतं दिलं, हेही खरं. त्यांना माणसं कळत होती आणि मला रकाने, हा फरक मान्य करायला मला अजून जड जातं.

वर्गाला मी अजून जातो. हजेरीपट नवा आहे, आणि शेरे तेच तीन. पत्र दिल्यानंतरच्या सोमवारी मी शवासनात पडलो, आणि पहिल्यांदाच सोंग न घेता मनापासून झोपायचा प्रयत्न केला. बाहेरून रिक्षांचे आवाज येत होते. दारापाशी ती प्लास्टिकची खुर्ची रिकामी होती. मनीषा पावलं न वाजवता ओळीतून आली, माझ्या पायथ्याशी थांबली. मी डोळे मिटलेलेच ठेवले आणि माझ्या हाताकडे लक्ष नेलं. अंगठा आत होता, बोटांनी घट्ट धरलेला. सोडायचा म्हणून सुटेना. जाताना मी टेबलावर वाकून पाहिलं. तिने ह लिहिला होता, आणि तो बरोबर होता.